जुने मासे ठणठणीत, नवे दोन दिवसांत गारद: तीन वर्षांच्या एका टाकीचं प्रकरण

टाकी 150 लिटरची, तीन वर्षं सलग चालू. आत आठ ब्लॅक विडो टेट्रा, चार कोरी (तळाशी वावरणारे छोटे मासे), दोन एंजल आणि एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा). कॅनिस्टर फिल्टर, बारीक खडी, मधोमध मोठं लाकूड आणि त्याला बांधलेलं जावा फर्न. पाणी निवळशंख. मालक निवृत्त गृहस्थ. त्यांना इथे नुसतं काका म्हणतो.

काकांची मूळ तक्रार एवढीच होती की नवीन मासा टिकत नाही. पहिल्यांदा चार मॉली आणल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही गेल्या. दुकान बदललं, पुन्हा चार आणल्या. त्यातली एक कशीबशी तिसऱ्या दिवसापर्यंत पोचली. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून मगच मासे सोडले होते, तेव्हा सोडण्यात काही चुकलं नाही याची त्यांना खात्री होती. दोन्ही दुकानदार आजारी माल विकतात, हा निष्कर्ष त्यांनी आधीच काढला होता.

त्यांचा युक्तिवाद असा: "पाणी खराब असतं तर आधी जुने मासे मेले असते. ते बघ, तीन वर्षांत एकालाही काही झालेलं नाही." ऐकायला बिनतोड वाटतो. टाकी पाळणारे दहातले नऊ जण हेच म्हणतात, आणि या प्रकरणात सगळा घोळ याच वाक्यात आहे.

पण मला बोलावणं आलं ते मॉलींसाठी नव्हे. दुसरी खेप मेल्यावर काकांनी ठरवलं, एकदा टाकी मुळापासून स्वच्छच करून टाकू. सत्तर टक्के पाणी काढलं. खडी ढवळून ढवळून धुतली. फिल्टरचे स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाच्या धारेखाली धरून पांढऱ्याफेक केल्या. छपरावरच्या टाकीतलं पाणी भरलं, तापमान हाताने बघितलं, दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन टेट्रा आणि दोन कोरी तळाशी पडलेल्या. म्हणजे जे तीन वर्षं टिकले, ते स्वच्छ पाण्यात एका रात्रीत गेले.

मी पोचलो तेव्हा उरलेले टेट्रा पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ले भराभर हलत होते. एक एंजल फिल्टरच्या धारेखाली तिरका उभा. सकर काचेला चिकटलेला, पण नेहमीसारखा तळाजवळ नाही, अगदी वर.

बादलीतलं जुनं पाणी

साधारणपणे अशा वेळी फार उशीर झालेला असतो. आधीचं पाणी मोरीतून वाहून गेलेलं असतं आणि आधी काय होतं हे अंदाजानेच सांगावं लागतं. इथे नशीब असं की सफाई करताना काकांनी लाकूड आणि जावा फर्न टाकीतल्याच पाण्यात एका बादलीत भिजत ठेवलं होतं आणि परत लावायचं राहून गेलं होतं. बादली अजून बाल्कनीत होती. म्हणजे तीन पाणी मोजता आलं: बादलीतलं जुनं, टाकीतलं सध्याचं आणि नळाचं.

सगळ्यात बोलकी चाचणी निघाली केएचची, म्हणजे पाण्यात आम्ल झेलणारं कार्बोनेट किती आहे याची. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचा एकेक थेंब टाकायचा. पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला पिवळं पडतं. पिवळं पडेपर्यंत जितके थेंब लागले तितके अंश केएच. नळाचं पाणी आठव्या थेंबाला पिवळं झालं, टाकीतलं पाचव्याला. बादलीतलं पाणी निळं झालंच नाही. पहिला थेंब पडला आणि थेट पिवळं. काकांना वाटलं औषध जुनं झालंय. त्याच बाटलीने नळाचं पाणी पुन्हा मोजून दाखवलं, तेव्हा पटलं.

बाकीचे आकडे असे. नळाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे शेतीवाले ज्याला सामू म्हणतात तो, 7.8, जीएच (पाण्याचा जडपणा) 10, नायट्रेट 5 च्या आसपास, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 290. बादलीतल्या पाण्याचा पीएच पेन मीटरवर 5.8, थेंबांच्या किटवर तर सगळ्यात खालचा, 6.0 चा पिवळा रंग आला, म्हणजे किटची धावच तिथे संपते. जीएच 20, टीडीएस 620. एकूण अमोनिया 4 आणि 8 च्या मधला हिरवा, 6 धरू. नायट्रेटचा रंग इतका गडद लाल की थेट वाचण्यात अर्थच नव्हता. एक भाग पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा मोजलं, 40 आलं. पाचाने गुणलं की 200. अमोनिया, नायट्रेट आणि टीडीएसचे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, जीएचचे केएचसारखेच अंशांत.

बादलीतला अमोनिया रात्रभरात थोडा इकडेतिकडे झालेला असू शकतो, कारण आत पानं होती, लाकूड होतं. केएच, जीएच आणि नायट्रेट यांच्यावर मात्र एका रात्रीत फारसा परिणाम होत नाही.

नायट्रेट मोजताना एक गोष्ट हमखास फसवते. बहुतेक किटमध्ये दुसऱ्या बाटलीतली भुकटी तळाशी बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर 200 चं पाणीसुद्धा 20 दाखवतं. काकांकडे किट होतं आणि वर्षभरापूर्वी त्यांनी नायट्रेट मोजलंही होतं, "एकदम छान आलं होतं." बाटली हलवली होती का, हे मी विचारलं नाही.

टाकीतलं सध्याचं पाणी: पीएच 7.6, केएच 5, जीएच 13, एकूण अमोनिया 3, नायट्राइट 0.25, नायट्रेट 60-70 च्या घरात. पाण्याचं तापमान 28 अंश सेल्सिअस.

तीन वर्षांत काय होत गेलं

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी तयार होतो. फिल्टरमधले सूक्ष्मजीव त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. (दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर करतात असं जुन्या पुस्तकांत असायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात हे 1998 मध्ये पुढे आलं.) कमी लोकांना ठाऊक असतं ते हे की या कामात आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पाण्यातलं कार्बोनेट खातं. अमोनियातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने 7.14 मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. हेच टाकीवाल्यांच्या भाषेत मांडलं तर दर 11 मिलिग्रॅम नायट्रेट तयार होताना केएचचा साधारण 1 अंश संपतो.

केएच ही टाकीची गंगाजळी. ती शिल्लक असेपर्यंत पीएच हलत नाही. म्हणून महिनोन्महिने पीएच मोजून काही कळत नाही. आकडा तोच येत राहतो. गंगाजळी संपली की पीएच काही आठवड्यांत घसरतो.

काका पहिलं वर्षभर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलत. नंतर ते थांबलं. कारण विचारलं तर म्हणाले, "फिल्टरमध्ये जंतू आहेत ना, तेच पाणी साफ करतात. मी फक्त कमी झालेलं भरतो." जवळजवळ दीड-दोन वर्षं फक्त भर घालणं चालू होतं. पाण्याची वाफ होते तेव्हा नुसतं पाणी जातं, क्षार मागे राहतात. भर घातलेलं पाणी मात्र आपले क्षार घेऊन येतं. म्हणूनच जीएच 10 चा 20 झाला होता. जीएच खर्च होत नाही, नुसता साचतो. त्यावरून अंदाज बांधता येतो की या काळात टाकीच्या आकाराएवढं पाणी उडून गेलं आणि तेवढंच भरलं गेलं. म्हणजे केएचसुद्धा आधीचा 8 आणि भरीचा 8 असा 16 अंश आत आला होता. नायट्रेट 200 पर्यंत चढलं याचा अर्थ 17-18 अंश खर्च झाला. रंग बघून केलेल्या मोजणीत एवढा फरक धरायचाच. सोळा आले, सोळा गेले, हातात शून्य.

पीएच 6 च्या आसपास आला की ते सूक्ष्मजीव मंदावतात. मग अमोनिया साचायला लागतो, आणि तरी मासे मरत नाहीत. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, मोकळा अमोनिया आणि अमोनियम. विषारी मुख्यतः मोकळा. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. 28 अंशांना आणि 5.8 पीएचला एकूण अमोनियातला जेमतेम 0.04 टक्के मोकळा असतो. 6 मिलिग्रॅम अमोनिया असूनही मोकळा भरतो फक्त 0.003. नांगी काढलेला विंचू जसा.

काकांनी सत्तर टक्के पाणी बदललं तेव्हा एकूण अमोनिया 6 वरून 1.8 वर आला असणार. पण नळाच्या पाण्यातल्या केएचमुळे पीएच उडाला 7.6 वर. या पीएचला मोकळ्याचं प्रमाण 2.7 टक्के. 1.8 चे 2.7 टक्के म्हणजे 0.05. एकूण अमोनिया तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झाला, आणि त्यातला विषारी भाग सतरा-अठरा पटीने वाढला. शिवाय खडी ढवळल्याने तळचा गाळ वर आला, फिल्टरचे जंतू नळाच्या क्लोरीनने धुऊन निघाले, आणि सकाळपर्यंत एकूण अमोनिया 3 वर चढला. म्हणजे मोकळा 0.08.

एकट्या अमोनियाने मासे मेले असं मी म्हणणार नाही. 0.08 हा आकडा दिवसेंदिवस राहिला तर कल्ल्यांची नासाडी करतो, पण धडधाकट टेट्रा एका रात्रीत त्याने मरावा असं नाही. इथे तीन घाव एकाच वेळी बसले. पीएचचा एक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा 5.8 वरून 7.6 म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण साठेक पटीने बदललं. टीडीएस 620 वरून 400 च्या खाली आला. शरीरातल्या पाण्याचं आणि क्षारांचं गणित नव्याने बसवायला माशाला दिवस लागतात, तास नव्हे. आणि त्यात मोकळा अमोनिया. कोरी आधी गेल्या यात नवल नाही. त्यांचं नाक कायम खडीत, आणि घाण तिथेच ढवळली गेली होती.

मॉलींचं कोडं आता सोपं होतं. दुसऱ्या दुकानदाराने काकांच्या सांगण्यावरून आपल्या टाकीतलं बाटलीभर पाणी दिलं. पीएच 7.7, टीडीएस 300, जवळपास नळाचंच पाणी. मॉली मुळात जड, अल्कधर्मी पाण्यात रमणारा मासा. तिला पंधरा मिनिटांत 5.8 पीएचच्या, 200 नायट्रेटच्या पाण्यात सोडलं. पिशवी तरंगत ठेवल्याने तापमान तेवढं जुळतं, बाकी काहीच जुळत नाही. टेट्रांना मात्र त्याच पाण्यात उतरायला दीड-दोन वर्षं मिळाली होती, आणि आम्लधर्मी पाणी त्यांच्या जातीला मानवतंही. जुने मासे जिवंत होते त्यावरून पाणी चांगलं होतं हे सिद्ध होत नाही. ते हळूहळू बिघडलं, एवढंच सिद्ध होतं.

इंग्रजी पुस्तकांत याला ओल्ड टँक सिंड्रोम म्हणतात. नाव थोडं दिशाभूल करणारं आहे. वयाने टाकी बिघडत नाही; दहा-बारा वर्षांच्या उत्तम टाक्या असतात.

गोगलगायी

खुणा नव्हत्या असं नाही. काकांकडे पूर्वी पिवळ्या गोगलगायी होत्या. "त्या आपोआप संपल्या," असं ते सहज बोलून गेले. खडीत बोट घालून चाचपल्यावर एक रिकामा शंख मिळाला. टोकाकडे पांढराफटक, वरचा चकाकता थर गेलेला, बारीक खड्डे पडलेले. चिमटीत धरला तर पापडासारखा चुरला. आम्लधर्मी, केएच नसलेलं पाणी शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. टाकीत गोगलगायी असतील तर त्यांचे शंख किटच्या आधी बोलतात. नव्या वाढीच्या कडेपेक्षा जुन्या टोकाकडे आधी बघावं. झीज तिथे पहिल्यांदा दिसते.

दुसरी खूण पाण्याची. समोरून निवळ दिसणाऱ्या पाण्याचा ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघितला की बादलीतलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. थोडा रंग लाकडाचाही असतो, म्हणून या खुणेवर मी फार भार देत नाही. पाण्याच्या पारदर्शकतेवर मात्र कधीच भरवसा ठेवू नये. विरघळलेलं नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही.

त्या दिवशी काय केलं

पेच असा होता. पाणी बदलल्यानेच मासे मेले हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना पुन्हा पाणी बदला म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखं वाटणार. एका ओळखीच्याने त्यांना पीएच उतरवण्याचं द्रव टाकायला सांगितलं होतं, म्हणजे मासे "पूर्वीच्या पाण्यात" येतील.

मी दोन्हींच्या बाबतीत उलट सांगितलं. धक्का बसून गेला होता. आता टाकीचा पीएच 7.6 आणि नळाचा 7.8, म्हणजे आणखी पाणी बदलल्याने पीएच किंवा टीडीएस फारसा हलणार नव्हता. हलणार होता तो अमोनिया. त्यामुळे आता मोठा बदल सुरक्षित होता आणि गरजेचाही. उलट आम्ल टाकून पीएच पाडला असता तर केएच 5 असल्याने तो काही तासांत परत वर आला असता, आणि माशांना तिसरी, चौथी उडी सोसावी लागली असती. एका अवस्थेत जे पाणी मारतं, तेच दुसऱ्या अवस्थेत वाचवतं. म्हणून आधी मोजायचं, मग बादलीला हात लावायचा.

अर्धं पाणी बदललं, तापमान थर्मामीटरने जुळवून. क्लोरीन आणि अमोनिया दोन्ही बांधणारं कंडिशनर पूर्ण टाकीच्या मापाने घातलं. (अशा कंडिशनरनंतरही किट एकूण अमोनिया दाखवतच राहतं. औषध लागू पडलं नाही असं समजून लोक दुप्पट टाकतात, तसं करू नये.) एअर पंप लावला. खाणं दोन दिवस पूर्ण बंद. माझ्याकडच्या एका निरोगी टाकीतला जुना स्पंज आणून काकांच्या फिल्टरमध्ये बसवला. यात रोगजंतूही सोबत येण्याचा धोका असतो, म्हणून ज्या टाकीत बरेच महिने नवा मासा आलेला नाही अशाच टाकीतला स्पंज घ्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी.

तरी पुढच्या दोन दिवसांत आणखी एक टेट्रा आणि एक एंजल गेला. उरले चार टेट्रा, दोन कोरी, एक एंजल, सकर.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया उतरला आणि नायट्राइट 1 वर चढलं, अपेक्षेप्रमाणे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहण्याचं काम बिघडवतं, पण पाण्यात क्लोराइड असेल तर ते शिरण्याची वाट अडते. त्यासाठी लागणारं मीठ फार थोडं. 150 लिटरला एक लहान चमचा, 6 ग्रॅमच्या आसपास, पुरेसं होतं. कोरींना मीठ चालत नाही हे जे ऐकायला मिळतं ते याच्या कैक पट मात्रेबद्दल. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही आकडे शून्यावर आले.

सफाईआधी फोन आला असता तर

हा भाग महत्त्वाचा, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाची टाकी आज त्या बादलीतल्या अवस्थेत असू शकते आणि मासे अजून मजेत पोहत असतील.

नेहमीचा सल्ला असतो, रोज दहा टक्के पाणी बदला, हळूहळू सगळं रुळावर येईल. नायट्रेट जास्त पण अमोनिया शून्य असेल तर तो सल्ला बरोबर आहे. अमोनिया 6 असताना मात्र पुरेसा नाही. केएच शून्य असलेल्या टाकीत केएच 8 चं दहा टक्के पाणी घातलं तरी केएच पाऊण अंशाच्या आसपास होतो, आणि पीएच सगळ्यात मोठी झेप त्या पहिल्याच अंशात घेतो. तीन-चार बदलांत तो 7 ओलांडतो, पण अमोनिया तोवर 4 च्या वरच असतो. हळू गेलो तरी धोक्याच्या पट्ट्यातूनच गेलो.

त्यापेक्षा क्रम उलटा ठेवावा. आधी अमोनिया बाहेर काढायचा आणि मगच पीएच वर येऊ द्यायचा. त्यासाठी पहिले पाच-सहा बदल आरओच्या पाण्याने, दर वेळी दहा ते बारा टक्के, एक दिवसाआड. आरओच्या पाण्यात केएच जवळपास नसतोच, म्हणून पीएच जागचा हलत नाही, आणि अमोनियम मात्र बादलीतून बाहेर जात राहतं. पाच बदलांत एकूण अमोनिया साधारण निम्म्यावर, टीडीएसही सावकाश खाली. या काळात खाणं एकदम कमी ठेवायचं, पीएच रोज बघायचा. मग चौथा हिस्सा नळाचं पाणी मिसळायला सुरुवात, पुढे निम्मं, पुढे पूर्ण, आणि सोबत अमोनिया बांधणारं कंडिशनर. केएच 2 च्या वर गेला की फिल्टरचे जंतू पुन्हा जोमाने कामाला लागतात आणि उरलेला अमोनिया तेच फस्त करतात. सगळ्याला महिनाभर लागतो. फिल्टर त्या महिन्यात उघडायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात एकच स्पंज पिळायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

केएच झटपट वाढवायला खाण्याचा सोडाही चालतो. लिटरमागे 30 मिलिग्रॅमने 1 अंश वाढतो, म्हणजे 150 लिटरला 4.5 ग्रॅम. पण अमोनिया शून्य असेल तरच. अमोनिया असताना सोडा टाकणं म्हणजे काकांची सफाई चमच्याने करणं.

किती पाणी, किती दिवसांनी

टाकी सावरल्यावर काकांनी विचारलं, "पूर्वीसारख्या दोन बादल्या आठवड्याला चालतील ना?" दोन लहान बादल्या, साधारण 15 लिटर, म्हणजे दहा टक्के. हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजून सांगणं सोपं आहे. आठवडाभर पाणी न बदलता नायट्रेट किती चढतं बघितलं: 12.

दर आठवड्याला वाढ ठरावीक असेल आणि दर आठवड्याला ठरावीक हिस्सा पाणी बदललं तर नायट्रेट चढत चढत एका जागी थांबतं. बदलण्याच्या आदल्या दिवशीचा तो कमाल आकडा म्हणजे आठवड्याची वाढ भागिले बदलाचा हिस्सा, अधिक नळातलं नायट्रेट. दहा टक्क्यांना 12 भागिले 0.1 म्हणजे 120, अधिक 5, झाले 125. पंचवीस टक्क्यांना 53. चाळीस टक्क्यांना 35.

केएचचंही तसंच. आठवड्याला 12 नायट्रेट म्हणजे 1.1 अंश केएच खर्च. नळाचा 8, त्यातून 1.1 भागिले हिस्सा वजा करायचा. पंचवीस टक्क्यांना 3.6 वर टिकतो. चाळीसला 5 च्या वर. दहा टक्क्यांना हिशेब येतो 8 वजा 11. शून्याखाली केएच नसतो, म्हणजे शिल्लक संपणारच, फक्त कधी एवढाच प्रश्न. दोन बादल्यांनी ही टाकी कधीच सांभाळली जाणार नव्हती. पहिल्या वर्षी सगळं ठीक दिसलं ते भरलेल्या शिलकीच्या जोरावर.

दुसरा मार्ग खाण्याचा. काका दिवसातून तीनदा चिमूट टाकत. मासे काचेशी आले की आणखी एक. मासा काचेशी येतो तो भुकेने असं नाही, माणूस दिसला की खाणं पडतं हे त्याला कळलेलं असतं. दिवसातून एकदा आणि आठवड्यातून एक दिवस उपास, असं केल्यावर वाढ 12 ची 8 झाली. आता पंचवीस टक्क्यांनाही नायट्रेट 37 वर थांबतं आणि केएच 5 वर. काकांना चाळीस लिटर उपसणं झेपतं, साठ नाही. म्हणून हा तोडगा निघाला: रविवारी 40 लिटर, सायफनने खडीचा एकेक कोपरा घेत.

पाणी स्थिरावल्यावर पुन्हा मॉली आणल्या, चारच. या वेळी पिशवी बादलीत रिकामी करून बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडलं, दीड तास. खरं तर आता दुकानातलं आणि टाकीतलं पाणी इतकं जवळ आहे की तेवढा वेळ लागलाच नसता. पण काकांना भीती बसली होती. चारही टिकल्या, दोघींनी पिल्लंही घातली, त्यातली बरीचशी एंजलच्या पोटात गेली. पहिल्या दुकानदाराशी मात्र काका अजून बोलत नाहीत.

एक गोष्ट या हिशेबाबाहेर राहते. सगळी गणितं नळाच्या 8 केएचवर उभी आहेत, आणि पाणीपुरवठ्याचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. धरण भरलेलं असताना, पावसाच्या पाण्याने पातळ झालेलं पाणी नळाला येतं तेव्हा तोच केएच 4 असू शकतो. मग पंचवीस टक्क्यांना टाकीचा केएच 1 वर येऊन टेकतो. म्हणून काकांना टाकीच्या चाचणीबरोबर महिन्यातून एकदा नळाचाही केएच मोजायला सांगितलंय. तो 6 च्या खाली आला की फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर प्रवाळाचा चुरा, वर गेला की काढून ठेवायचा.